जुन्या मोटारीचे एंजिन का तापते? : निदान व उपाय

बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि हुबळी-धारवाडच्या पेठांत व्यवसाय करणाऱ्या आपल्या सभासदांपैकी काहींच्या घरी वडिलांच्या काळातील फियाट अथवा अँबेसडर अद्यापि जपून ठेवलेली असेल. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातील फियाट ११०० पुढे ‘पद्मिनी’ या नावाने घरोघर परिचित झाली. अँबेसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. ही एंजिने आता नव्याने होणे नाही. म्हणून आहेत ती राखण्याची जबाबदारी मालकावरच येते. त्यांचा मोठा शत्रू म्हणजे अति उष्णता.

पेट्रोलच्या ज्वलनातून जी उष्णता निर्माण होते तिचा, ढोबळ मानाने, चतुर्थांशच गाडी चालविण्याच्या कामी येतो. काही भाग धुराबरोबर जातो व सुमारे तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. पंप हे पाणी एंजिनाभोवती फिरवितो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते निवते आणि पंखा त्यावर वारा घेतो. या साखळीतील एक दुवा निखळला की काटा चढू लागतो.

धारवाड समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथे उघडे पाणी १०० ऐवजी सुमारे ९७.५ अंशांवरच उकळते. रेडिएटरचे झाकण आत दाब राखते. दर पौंडी दाबामागे उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वाढतो. झाकणाची रबरी चकती झिजली की हा लाभ नाहीसा होतो. म्हणून झाकणासारख्या अल्पमोली वस्तूची तपासणी प्रथम करावी.

निदानाची गुरुकिल्ली एका प्रश्नात आहे : काटा केव्हा चढतो? गर्दीत गाडी थांबली असता चढून, महामार्गावर वेग घेताच उतरत असेल, तर दोष वाऱ्याचा. पंख्याचा पट्टा पाहावा. दोन चाकांमधील लांब भागावर अंगठ्याने दाबल्यास तो साधारण अर्धा इंच लवावा. अधिक लवल्यास ताणावा, चिरा पडल्या असल्यास बदलावा. याउलट, गावात ठीक चालणारी गाडी महामार्गावर किंवा अंकोल्याहून येल्लापूरकडे येताना अरबैल घाटाच्या चढावर तापत असेल, तर पाण्याचा प्रवाह अपुरा आहे असे समजावे. कूपनलिकेच्या जड पाण्याचे क्षार नळ्यांत साचतात. रेडिएटर उतरवून स्वच्छ करवून घ्यावा. पुढे क्षाररहित पाणी व योग्य प्रमाणात कूलंट वापरावे.

चालू केल्यावर थोड्याच वेळात काटा चढत असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्याचा संशय घ्यावा. तो काढून पाण्याच्या पातेल्यात दोरीने टांगावा व पाणी तापवावे. बहुतेक थर्मोस्टॅट ८० ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडू लागतात. न उघडल्यास नवा बसवावा. तो कायमचा काढून टाकण्याचा सल्ला काही मिस्त्री देतात. परंतु त्यामुळे एंजिन योग्य तापमानास उशिरा पोहोचते, इंधन अधिक लागते आणि झीज वाढते.

पाणी वरचेवर कमी होत असेल तर रबरी नळ्या, त्यांचे पट्टे आणि पंपाखालील छिद्र पाहावे. या छिद्रातून पाणी ठिबकणे म्हणजे पंपाचे सील गेले. बाहेर कोठेही गळती नसता पाणी घटते, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, एंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर निघतो अथवा तेल दुधट दिसते, अशा वेळी हेड गॅस्केट फुटल्याची शक्यता धरावी व गाडी मुळीच चालवू नये. सर्व काही ठीक असूनही एंजिन तापत असेल तर ठिणगी उशिरा पडते काय, मिश्रणात पेट्रोल कमी आहे काय, ब्रेक धरून राहतात काय, हे तपासून घ्यावे.

प्रवासात काटा लाल खुणेस लागताच गाडी बाजूस घ्यावी व एंजिन बंद करावे. आणखी चार मैल रेटण्याच्या मोहापायी सिलिंडर-हेड वाकते आणि पट्ट्याच्या किमतीत निभावणारे काम संपूर्ण एंजिन उतरविण्यावर जाते. रेडिएटरचे झाकण तत्काळ उघडू नये. दाबातील वाफ व उकळते पाणी उसळून हात-तोंड भाजते. किमान अर्धा तास थांबून, रेडिएटर हातास सोसेल इतका निवाल्यावर जाड फडके धरून झाकण हळूहळू सैल करावे. तापलेल्या एंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये, त्याने धातूस तडा जाण्याचा संभव असतो.

रोजकीर्दीत फरक आढळला की आपण प्रत्येक नोंद क्रमाने ताडून पाहतो; अंदाजाने रक्कम खोडीत नाही. मोटारीचेही तसेच. झाकण, पट्टा, नळ्या, थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि शेवटी गॅस्केट या क्रमाने पाहिल्यास अल्प खर्चाचा दोष आधी सापडतो. आठवड्यातून एकदा, सकाळी एंजिन थंड असता, पाण्याची पातळी पाहण्याची सवय घरातील तरुणांस लावावी, ही सूचना.