मराठीला टोकन जास्त का लागतात?

टोकन म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर काय येतं? आमच्या बाबांना बँकेतलं पितळेचं गोल टोकन आठवतं. ते मुठीत धरून बाकावर बसायचं आणि कॅशियरने नंबर पुकारायची वाट बघायची. आपल्या हॉस्टेलवाल्यांना रविवारच्या फीस्टचं टोकन आठवणार. (ते हरवलं की मेसच्या काकांसमोर कितीही गयावया करा, गुलाबजाम काही मिळत नाही!) पण आज मला तिसऱ्याच एका टोकनाबद्दल लिहायचं आहे. ते आपण रोज हजारांनी खर्च करतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुलं झालं. तेव्हापासून सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या मजल्यांवर काय चालतं ते मी इथे लिहीत नाही, कारण हे मासिक सर-मॅडमही वाचतात. पण कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय निघाला की मेसच्या टेबलावर लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, "संपलं सगळं, आता प्लेसमेंट विसरा." दुसरा म्हणतो, "काही होत नाही गं, कॉम्प्युटर आले तेव्हाही असंच ओरडले होते." दोन्ही गट जेवण संपेपर्यंत भांडतात. पण हे यंत्र चालतं कसं आणि त्याचं बिल निघतं कसं, हे कुणीच विचारत नाही. आपण इंजिनिअर होणार ना? मग आधी मीटर बघू, बिलावर नंतर भांडू.

तर या यंत्राचं मीटर म्हणजे टोकन. विजेचं बिल जसं युनिटवर, तसं याचं बिल टोकनवर. यंत्राला अक्षरं कळत नाहीत, फक्त आकडे कळतात. म्हणून आपण लिहिलेल्या मजकुराचे आधी तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्याला एका ठरलेल्या यादीतला क्रमांक असतो. तो तुकडा म्हणजे टोकन. यंत्र ते क्रमांक घेतं, प्रचंड गुणाकार-बेरजा करतं आणि पुढचा तुकडा कोणता असावा ते ठरवतं. मग त्याच्या पुढचा, मग त्याच्याही पुढचा. उत्तर आपल्याला सलग दिसतं, पण ते असं एकेक टोकन करून विणलेलं असतं. कंपन्या हीच सेवा दुसऱ्या कंपन्यांना विकतात तेव्हा दर दहा लाख टोकनांमागे भाव लावतात. आत जाणाऱ्या टोकनांचा एक भाव, बाहेर येणाऱ्यांचा वेगळा, आणि तो बहुधा जास्त.

आता हे तुकडे पाडतो कोण? व्याकरणकार नाही! ही पद्धत मुळात फाईल दाबून छोटी करण्यासाठी निघाली. फिलिप गेज यांनी ती १९९४ साली मांडली. २०१६ मध्ये भाषांतराच्या संशोधनात ती वापरली गेली आणि तिथून ती आजच्या मॉडेलांत आली. कल्पना अगदी सोपी आहे, फर्स्ट इयरच्या मुलालाही प्रोग्रॅम लिहिता येईल. आधी सगळा मजकूर सुट्ट्या बाइटमध्ये मोडा. मग शेजारी-शेजारी येणारी सगळ्यात जास्त वेळा दिसणारी जोडी शोधा. ती जोडी चिकटवून तिचा एक नवा तुकडा करा. पुन्हा मोजा, पुन्हा चिकटवा. असं हजारो वेळा. २०१९ च्या जीपीटी-२ मॉडेलची यादी ५०,२५७ तुकड्यांची होती: २५६ मूळ बाइट, ५०,००० चिकटवलेल्या जोड्या आणि मजकूर संपल्याची एक खूण.

म्हणजे थोडक्यात काय, जी भाषा ढिगाऱ्यात जास्त, तिच्या जोड्या आधी चिकटणार. नेटवरच्या मजकुरात इंग्रजीचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर जातो आणि मराठीचा एक टक्कासुद्धा भरत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. माणसं एवढी, पण मजकूर तेवढा नाही! त्यामुळे इंग्रजीतला नेहमीचा अख्खा शब्द एका टोकनात बसतो आणि आपला मराठी शब्द भुगा होऊन आत जातो.

त्यात लिपीचीही गंमत आहे. युनिकोडचा मजकूर साठवायची जी सर्वांत प्रचलित पद्धत आहे, यूटीएफ-८, तिच्यात साधं इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. आणि चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नव्हे, काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडायची खूण हे सगळं वेगळं मोजायचं. "घर" म्हणजे दोन चिन्हं, सहा बाइट. "घरासमोरच्या" म्हणजे अकरा चिन्हं, तेहतीस बाइट! शिवाय आपली भाषा प्रत्ययांची. घर, घराला, घरात, घरातून, घरासमोरच्या... माणसाला हे एकच घर वाटतं. मोजणाऱ्या प्रोग्रॅमला ही सगळी वेगवेगळी रूपं, आणि प्रत्येक रूप आणखी दुर्मिळ.

याचा परिणाम किती? ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ मॉडेल आणताना स्वतःच आकडे दिले होते. स्वतःची ओळख करून देणारा एक छोटा मजकूर वेगवेगळ्या भाषांत घेतला. जुन्या यादीप्रमाणे त्याला इंग्रजीत २७ टोकन लागत होती आणि मराठीत ९६. म्हणजे साडेतीन पट! नव्या यादीत इंग्रजीला २४ आणि मराठीला ३३ लागली. मजकूर बदलला की हे प्रमाण थोडंफार बदलेल, पण अंदाज यायला एवढं पुरे.

समजा, एखाद्या दूध संघाने सभासदांसाठी प्रश्नोत्तरांची सोय केली. इंग्रजीत त्याचं बिल १०० रुपये आलं असतं तर जुन्या हिशेबाने तेच मराठीत सुमारे ३५५ रुपये आलं असतं. नव्या हिशेबाने सुमारे १३८. गाय तीच, प्रश्न तोच, उत्तरही तेच. फक्त भाषा मराठी म्हणून मीटर जोरात फिरणार. "पण आपण तर फुकट वापरतो," असं तुम्ही म्हणाल. फुकटातही टोकनाची मर्यादा असतेच. यंत्र एका वेळी किती संभाषण ध्यानात ठेवू शकतं तेही टोकनांतच मोजतात, त्यामुळे जास्त तुकड्यांच्या भाषेत ती जागा लवकर भरते. आणि उत्तर एकेक टोकन करून येत असल्याने तेवढाच मजकूर यायला वेळही जास्त लागतो.

मग ९६ चे ३३ कसे झाले? कुणाला मराठीचा पुळका आला म्हणून नव्हे. यादी सुमारे एक लाखावरून दोन लाख तुकड्यांची केली आणि तिच्यात आपल्यासारख्या भाषांच्या जोड्यांना जागा मिळाली. यादी मोठी केली की मॉडेलमधला तक्ता मोठा होतो, मेमरी जास्त लागते, म्हणजे तो खर्च कुणीतरी उचलावा लागतो. भारतात गिऱ्हाईक दिसलं म्हणून तो उचलला गेला असावा. यात वाईट वाटायचं कारण नाही, बाजार असाच चालतो. पण ज्या भाषेचं गिऱ्हाईक दिसत नाही तिचं काय, हा प्रश्न उरतोच.

इथपर्यंत झाला भावाचा हिशेब. मालाचा हिशेब वेगळाच आहे. माझ्या मामाची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे. मागच्या वर्षी त्याने फोनवर एका अॅपला मराठीत विचारलं, "डाळिंबावर तेल्या पडलाय, काय करू?" अॅपने अगदी गोड, शुद्ध मराठीत सांगितलं की फळांवर तेलकटपणा असल्यास कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवा! मामा हसत हसत मला म्हणाला, "अगं, याला म्हणावं सातशे झाडं धुवायला तूच ये." तेल्या म्हणजे डाळिंबावरचा जिवाणूंमुळे होणारा करपा. बहार धरलेल्या बागेत तो शिरला की वर्षाची कमाई जाऊ शकते. हाच प्रश्न मी रोगाचं इंग्रजी नाव घालून विचारला तेव्हा उत्तर बरंच बरं आलं. म्हणजे माहिती यंत्रात होती. "तेल्या" हा शब्द मात्र त्याच्यापर्यंत नीट पोचलाच नव्हता. मामाने शेवटी कृषी सहायकांना गाठलं हे बरं झालं. पण ज्याला भाची इंजिनिअरिंगला नाही आणि कृषी सहायक सापडत नाही, त्याने काय करायचं?

मग मराठी मजकूर गेला कुठे? आपण काय कमी लिहितो का? दिवाळी अंक, वर्तमानपत्रं, शेतीची मासिकं, कॉलेजची मासिकं... गंमत अशी की यातलं पुष्कळ लिखाण कॉम्प्युटरवरच टाईप झालेलं आहे, पण कॉम्प्युटरला ते वाचता येत नाही. कारण फॉन्ट! देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरी छपाईच्या धंद्यात वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव असे फॉन्ट चालले. त्यांत पडद्यावर "क" दिसतो, पण आत भलत्याच चिन्हाचा कोड असतो. तो फॉन्ट काढून टाकला की मजकुराची खिचडी होते. सर्च इंजिनलाही ती खिचडीच दिसते आणि मॉडेल शिकवणाऱ्यालाही. बाकीचं लिखाण स्कॅन केलेल्या चित्रांत पडून आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला, आपण स्टेटस टाकले, छान झालं. पण यंत्राच्या दृष्टीने आपल्या कित्येक फाईल अजून खिचडीच आहेत.

अगदीच अंधार आहे असं नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्याचा पाया घातला तो मराठी विश्वकोश आता नेटवर वाचता येतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये मराठी मजकुराचा मोठा संग्रह आणि त्यावर शिकवलेलं मॉडेल खुलं करून दिलं. आयआयटी मद्रासमधल्या एआय-फॉर-भारतचं भाषांतराचं मॉडेल २०२३ मध्ये आलं, ते आपल्या बाविसाही अनुसूचित भाषांत चालतं. सरकारची भाषिणी योजनाही २०२२ पासून आहे. म्हणजे काम करणारे आहेत, आणि त्यांतले बरेच आपल्यापेक्षा फार मोठे नाहीत.

आता प्लेसमेंटकडे वळते, कारण खरी धाकधूक तिथेच आहे. माझ्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी टाइमपास नाही. मला जे समजलं ते असं. जे काम नेटवर इंग्रजीत ढिगाने लिहिलेलं आहे, ते यंत्राला सगळ्यात स्वस्तात जमतं. साधा कोड, टेस्ट केस, रिपोर्ट, गुळगुळीत ईमेल. आणि नेमकं हेच काम आजवर फ्रेशरच्या वाट्याला यायचं. मी नर्सरीपासून कॉन्व्हेंटमध्ये. आईबाबांनी पोटाला चिमटा काढून फी भरली, ती एका आशेवर, की पोरगी फाडफाड इंग्रजी बोलेल आणि तरून जाईल. पोरगी बोलते फाडफाड. पण तसंच, किंबहुना जास्त बिनचूक इंग्रजी आता यंत्र फुकट वाटतंय! अर्थशास्त्राचा नियम साधा आहे, जे मुबलक झालं त्याचा भाव पडतो.

माझी रूममेट झेडपीच्या शाळेतून आलेली. पहिल्या वर्षी तिला व्हायवात इंग्रजी वाक्य जुळवताना घाम फुटायचा. पण तेल्या म्हणजे काय, हे तिला सांगावं लागलं नाही. पाटाच्या पाण्याची पाळी कशी लागते, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं कसं करतात, हे तिला तोंडपाठ. आणि आता मायक्रोकंट्रोलरही येतो. बाजार या ज्ञानाचे आज लगेच पैसे देईल असं मी म्हणत नाही, जॉब डिस्क्रिप्शनमध्ये "पाटाची पाळी" मी तरी वाचलेली नाही. पण यंत्र जिथे अडखळतं तिथेच माणसाची गरज उरणार, आणि यंत्र अडखळतं ते नेमकं तिच्या गावात. तिचं मराठी आणि माझं इंग्रजी एकत्र बसलं तर मामाच्या उपयोगाचं काहीतरी बनेल, असं मला मनापासून वाटतं. आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट त्यावरच करायचं ठरतंय. गाईड सरांनी अजून मान डोलावलेली नाही, बघूया!

असो. लेक्चर खूप झालं. आता मुद्द्याच्या दोन विनंत्या. पहिली संपादक मंडळाला: या मासिकाची मराठी पानं यापुढे युनिकोडमध्ये घ्या आणि छपाई झाल्यावर ती मजकूर म्हणूनच लायब्ररीच्या साईटवर ठेवा, स्कॅन केलेलं चित्र म्हणून नको. हा लेख मी युनिकोडमध्येच टाईप करून दिला आहे. दुसरी तुम्हा सगळ्यांना: सुट्टीत घरी जाल तेव्हा आपल्या भागातले दहा शब्द लिहून आणा. पिकावरच्या रोगाचे, मागाचे, होडीचे, भट्टीचे, कशाचेही. शब्द, त्याचा अर्थ आणि तो ज्यात वापरतात असं एक वाक्य. मराठी वाङ्मय मंडळाच्या बोर्डाखाली मी एक वही ठेवते आहे. आमच्या विंगमध्येच अकरा जिल्ह्यांच्या मुली आहेत, म्हणजे सुरुवातीलाच एकशे दहा शब्द झाले. पहिल्या पानावर "तेल्या" मी लिहून ठेवला आहे. पुढचं पान तुमचं.