देवगिरीचा ताल, पॅरिसची पाखरं

मृग तोंडावर आला की गंगापूर तालुक्यात पावशा ओरडू लागतो. पेरणीच्या घाईत असलेल्या शेतकऱ्याला त्यात 'पेरते व्हा, पेरते व्हा' ऐकू येतं. नीट कान दिला तर कळतं, की प्रत्येक हाक आधीच्या हाकेपेक्षा चढी असते. चढत चढत ती टिपेला पोचते आणि एकदम तुटते. जरा वेळानं पुन्हा खालून सुरुवात. साहेबाला याच हाकेत 'ब्रेन फीव्हर' ऐकू आलं. पाखरू एकच, ज्याचा त्याचा कान निराळा.

पाखराचं बोलणं माणसाच्या लिपीत उतरवण्याचा ध्यास विसाव्या शतकात घेतला तो ऑलिव्हिये मेसियाँ (१९०८–१९९२) या फ्रेंच संगीतकारानं. फ्रान्समध्ये ही आवड जुनीच. अठराव्या शतकात रामो यांनी हार्पसिकॉर्डवर पाखरांची साद बांधली, १८८६ साली सँ-साँस यांनी प्राण्यांच्या मिरवणुकीत कोकिळ आणि हंस आणले, रावेल यांनी पियानोवर उदास पक्षी रंगवले. पण तिथं पक्षी निमित्तापुरता. मेसियाँ मात्र पहाटे वही-पेन्सिल घेऊन रानात जाऊन बसत आणि ऐकलेलं जागच्या जागी स्वरलिपीत टिपत. पाखराचा गळा वाद्यांना झेपत नाही, इतका तो जलद आणि उंच. म्हणून ते लय धीमी करत, सप्तक खाली आणत, आणि स्वरांमधली बारीक अंतरं पियानोच्या पट्ट्यांत बसतील एवढी रुंद करत. सतारीवर मींड घेणाऱ्याला यात काय गमावलं ते लगेच जाणवेल. तरीही एवढ्या निष्ठेनं पाखरांपुढे बसलेला दुसरा संगीतकार मला दिसत नाही.

१५ जानेवारी १९४१. जर्मनांच्या ग्योर्लिट्झ इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीत, कडाक्याच्या थंडीत, चार कैदी वाजवायला बसले. क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो, आणि पियानोवर स्वतः मेसियाँ. रचनेचं नाव 'काळाच्या अंतासाठी चतुष्क'. पहिल्याच भागात क्लॅरिनेट ब्लॅकबर्ड होतो, म्हणजे आपल्याकडच्या कस्तुराचा भाऊबंद, आणि व्हायोलिन होतं नाइटिंगेल. (त्याला मराठीत सर्रास बुलबुल म्हणतात; ते चूक आहे.) या दोन पाखरांखाली पियानो सतरा कालमूल्यांची एक लयमाला पुन्हा पुन्हा फिरवत राहतो. ती तीन देशी तालांची आहे : रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश.

हे ताल आले कुठून? शारंगदेवांच्या 'संगीतरत्नाकरा'तून. आणि तो ग्रंथ लिहिला गेला तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला, देवगिरीत. आजच्या दौलताबादेत. गंगापूरहून तासाभराची वाट!

शारंगदेवांचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले. शारंगदेव स्वतः दरबारात हिशेबखात्याचे अधिकारी होते. लघु, गुरू, प्लुत अशी मात्रांची मोजदाद करत त्यांनी एकशे वीस देशी ताल नोंदवले. १९१३ साली पॅरिसच्या एका संगीतकोशात जोआनी ग्रोसे यांनी भारतीय संगीतावर दीर्घ लेख लिहिला, त्यात हे ताल छापले गेले, आणि तिथं ते मेसियाँच्या हाती लागले. सम, खाली, ठेका यांतलं काही त्यांच्या कानी पडलेलं नव्हतं. त्यांनी कागदावरच्या कालमूल्यांची रांग तेवढी उचलली. म्हणून त्यांच्या संगीतात आपला ताल शोधायला जाणाऱ्याला तो चटकन सापडणार नाही. पण त्याचा सांगाडा तिथं आहे, तोही नावानिशी.

शारंगदेवांच्या ग्रंथातही पाखरं आहेत. मोर षड्ज बोलतो, चातक ऋषभ, क्रौंच मध्यम, कोकिळ पंचम. उरलेले तीन स्वर बोकड, बेडूक आणि हत्ती यांच्या वाट्याला. संगीताचं मूळ रानात आहे हे देवगिरीच्या पंडिताला ठाऊक होतं.

१० मार्च १९५६ रोजी पॅरिसमध्ये मेसियाँची 'परदेशी पाखरं' प्रथम वाजली. पियानोवर इव्हॉन लोरियो. यात चीन, मलाया, अमेरिका इथल्या पक्ष्यांबरोबर भारतातले शामा आणि मैनाही गातात आणि तालवाद्यांत पुन्हा शारंगदेवांचे ताल येतात. पाखरं इथली, ताल देवगिरीचे, वाद्यं तिकडची. मेसियाँची शेवटची मोठी वाद्यवृंदरचना त्यांच्या निधनानंतर, नोव्हेंबर १९९२ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये प्रथम सादर झाली. तीही पाखरांनी भरलेली, आणि ती वाजवून घेतली मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी.

मराठवाड्यात मात्र हे फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जायकवाडी धरणाच्या नाथसागराचा फुगवटा कायगाव-टोक्यापर्यंत येतो. जायकवाडीला १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. पाखरं ओळखणारी माणसं इथं आहेत, तबला-पखवाज शिकणारी मुलंही आहेत. दोघांना एकत्र बसवून त्या चतुष्काचा पहिला भाग ऐकवला, तर जेमतेम तीन मिनिटं लागतील.

'परदेशी पाखरं'साठी सव्वाशे वादक लागत नाहीत. एक पियानो, अकरा फुंकवाद्यं, सात तालवादक. व्हायोलिन एकही नाही. २००६ पासून मुंबईत एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा आहे. वेरूळ-अजिंठा महोत्सवाच्या आयोजकांनी त्यातले एकोणीस वादक आणि एक संचालक बोलावून ही रचना एकदा देवगिरीच्या पायथ्याशी वाजवून घ्यावी.