आर्गन वेल्डिंगचं पहिलं मशीन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरच्या वर्कशॉपसाठी टिग, म्हणजे आपल्याकडच्या बोलीतलं आर्गन वेल्डिंगचं मशीन घ्यायचं ठरलं, की दुकानात पहिला प्रश्न निघतो, ‘किती अँपिअरचं?’ त्याआधी ‘कोणता धातू जोडायचाय?’ हे ठरवा. बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

गैरसमज: आर्गन मशीनवर ॲल्युमिनियम होतंच.
वस्तुस्थिती: स्वस्त मशीनं बहुधा फक्त डीसी असतात. त्यांवर लोखंड आणि स्टेनलेस स्टील उत्तम जोडलं जातं. ॲल्युमिनियम मात्र 660 अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा 2,000 अंशांच्या पुढेही टिकून राहतो. एसीमध्ये प्रवाहाची दिशा सतत पालटते. एका दिशेत पापुद्रा फुटतो, दुसऱ्या दिशेत धातू वितळतो. ॲल्युमिनियमचं काम असेल तर एसी-डीसी मशीन घ्या. नसेल तर जादा पैसे घालवू नका.

गैरसमज: जितके अँपिअर जास्त, तितकं मशीन चांगलं.
वस्तुस्थिती: लोखंडाला दर मिलिमीटर जाडीमागे साधारण 40 अँपिअर लागतात, 2 मिलिमीटरच्या पत्र्याला 80 पुरतात. पातळ पत्र्यावर मशीनचा कस कमी अँपिअरला लागतो. 10 अँपिअरवर आर्क स्थिर राहतो का, ते पाहा. ड्यूटी सायकलही विचारा: 60 टक्के म्हणजे त्या अँपिअरवर 10 मिनिटांत 6 मिनिटं काम.

गैरसमज: घरच्या विजेवर टिग चालत नाही.
वस्तुस्थिती: 100 अँपिअरला टिगचा आर्क सुमारे 14 व्होल्टवर चालतो, रॉडचं वेल्डिंग सुमारे 24 व्होल्टवर. म्हणजे टिगला वीज कमीच लागते. इन्व्हर्टर मशीनवर एवढं काम 16 अँपिअरच्या प्लगवर होतं. वायरिंग आणि अर्थिंग मात्र पक्कं हवं.

गैरसमज: मिगचा, म्हणजे तारेच्या वेल्डिंगचा गॅस टिगला चालेल.
वस्तुस्थिती: कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या गॅसने टॉर्चमधली टंगस्टनची कांडी जळते. शुद्ध आर्गनच हवा. 10 लिटरच्या सिलिंडरमध्ये 150 बार दाबाला सुमारे 1,500 लिटर गॅस मावतो. मिनिटाला 8 लिटर धरले तर जेमतेम तीन तास. सिलिंडर जवळपास कुठे भरून मिळतो, हे मशीन घेण्याआधी विचारून ठेवा.

गैरसमज: धूर नाही, म्हणजे धोका नाही.
वस्तुस्थिती: आर्कमधले अतिनील किरण डोळे आणि कातडी भाजतात. आर्गन हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत साचून प्राणवायू हटवतो. खिडकी उघडी ठेवा, पण पंख्याचा झोत आर्कवर नको. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेला पत्रा जोडू नका; त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये किरणोत्सर्गी थोरियम असतं आणि घासताना त्याची धूळ श्वासात जाते. त्याऐवजी सोनेरी टोकाचं लँथेनमवालं घ्या.

दुकानात जाताना तुम्हाला खरोखर जोडायचा आहे तोच पत्रा, घासून-पुसून, सोबत न्या आणि पैसे देण्याआधी त्यावर टाका मारून पाहा.