लेकीचा वाटा आणि १९५६ ची रेघ

सिल्लोडकडे भावाबहिणीत वाटणी निघाली की वाद कपाशीच्या रानाचा असतो, पण त्यामागचा हिशेब विज्ञानेश्वराचा. हे गृहस्थ सुमारे नऊशे वर्षांपूर्वी चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहीत होते. तिचं नाव मिताक्षरा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मताच, हे तिने पक्कं केलं. मुलीचा नाही.

१९५६ साली हिंदू वारसा कायदा आला, तरी ही गाठ सुटली नाही. समजा, १२ एकर वडिलोपार्जित रान, आई आधीच गेलेली, मागे एक मुलगा आणि एक मुलगी. वडील वारले की आधी कागदावर वाटणी धरायची: ६ एकर बापाचे, ६ मुलाचे. मग बापाचे ६ दोघांत सारखे. मुलाला ९, मुलीला ३. समानता होती, पण बापाच्या वाट्यापुरती!

त्याच वर्षी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. १७६३ पर्यंत निजामाची राजधानी असलेलं आपलं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, मराठवाड्यासह मुंबई राज्यात आलं, तेलंगण आंध्रात गेलं, बिदर-गुलबर्गा म्हैसुरात. रेघ ओढली भाषेची. पुढे राज्यांनी वारसा कायदा आपापल्या सवडीने दुरुस्त केला. मुलीला जन्मसिद्ध वाटा आंध्रात ५ सप्टेंबर १९८५ पासून मिळाला, महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून, आणि त्याआधी लग्न झालेल्या लेकी दोन्हीकडे वगळल्या. म्हणजे १९९० साली बोहल्यावर चढलेली निजामाबादची लेक वाटेकरी. त्याच साली लग्न झालेली नांदेडची लेक नाही. दोन्ही गावांत अंतर शंभरेक किलोमीटर!

लग्नाच्या तारखेची ही अट केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ रोजी गेली. त्या दिवशी बाप हयात असायला हवा का, हा घोळ मात्र आणखी पंधरा वर्षं चालला. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: गरज नाही, हक्क जन्माचा आहे. आपल्या १२ एकरांची वाटणी आता ६-६. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी उकरता येत नाही.

तरीही सातबाऱ्यावर बहिणीचं नाव टिकेलच असं नाही. माहेरच्या ओसरीवर हक्कसोडपत्र निघतं. सहीच्या बदल्यात साडीचोळी आणि दिवाळीला येण्याजाण्याची वाट मोकळी. सही खुशीची, असं सगळेच सांगतात. बहिणीसाठी एखाद्या भावाने अशाच खुशीने हक्क सोडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.