छापचित्राचा कर्ता कोण?

श्रोतेहो, आज आपण एक साधा दिसणारा प्रश्न घेऊ. समजा, मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात आपण लक्ष्मीची एक जुनी छापील तसबीर पाहिली. दुकानदार म्हणतो, ‘‘साहेब, रवि वर्मा आहे!’’ आणि किंमत चौपट सांगतो. हे म्हणणे तपासायचे कसे?

आपण म्हणू, त्यात काय, खाली नाव असेलच की. नाव असते, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. राजा रवि वर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. नाव मात्र ‘रवि वर्मा प्रेस’ हेच राहिले. रवि वर्मा १९०६ साली वारले, तरी त्यानंतर कितीतरी वर्षे या नावाने चित्रे छापली जात होती. त्यांत दुसऱ्या चित्रकारांचीही चित्रे होती, आपले एम. व्ही. धुरंधर त्यांपैकीच एक. तेव्हा ‘रवि वर्मा प्रेस’ ही अक्षरे छापखाना कोणता ते सांगतात, चित्रकार कोण ते सांगत नाहीत.

मग पाहायचे काय? पहिली गोष्ट, चित्राखालचा समास. चित्रकार, छापखाना, विक्रेता यांची नावे बहुधा तिथे असतात. पण तसबीर चौकटीत बसवताना तो समास कित्येकदा कापला जातो किंवा चौकटीखाली झाकला जातो. म्हणून जमल्यास चौकट उघडून पाहावी. दुसरी गोष्ट, चित्रातली सही. ती चित्राबरोबरच छापलेली असते. म्हणजे चित्रकाराने ह्या कागदाला हात लावला, असा तिचा अर्थ होत नाही. तिसरी गोष्ट, भिंग. जुन्या शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि ठिपके हाताने दिलेले, त्यामुळे ते लहानमोठे, वेडेवाकडे दिसतात. भिंगाखाली चार रंगांच्या ठिपक्यांची नेमकी, एकसारखी जाळी दिसली, तर ती पुष्कळ नंतरची छपाई समजावी. आणि चौथी गोष्ट, माहीत असलेल्या मूळ चित्राशी तुलना. चित्र उजवे-डावे उलटले असेल, तर कोणीतरी छापील प्रत पाहून ती सरळ दगडावर उतरवली असण्याची शक्यता असते.

इथपर्यंत ही हेरगिरी झाली. पण तत्त्वज्ञानाचा प्रश्न पुढेच आहे. नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६८ च्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या ग्रंथात एक भेद केला आहे. रंगवलेले चित्र एका टप्प्यात पुरे होते. कोरीव छापचित्राला दोन टप्पे असतात: आधी कलावंत पत्रा कोरतो, मग त्या पत्र्यावरून ठसे निघतात, आणि त्या पत्र्यावरून निघालेला प्रत्येक ठसा अस्सलच. आता आपली तसबीर घ्या. इथे मधे आणखी एक माणूस उभा आहे. चित्रकाराने तैलचित्र रंगवले. त्यातले रंग डोळ्यांनी वेगळे करून, रंगागणिक एकेका दगडावर ते चित्र पुन्हा काढले ते दुसऱ्याच कारागिराने. लक्ष्मीच्या गालावरची छटा आपल्याला दिसते ती त्याच्या हाताची. आणि नेमके त्याचेच नाव कागदावर सहसा नसते!

मराठीत आपण ‘कर्ता-करविता’ असा जोडशब्द सहज वापरतो. इथे तो फोडून पाहिला पाहिजे. रचना करणारा एक, दगडावर उतरवणारा दुसरा, छापणारा तिसरा, आणि हे सगळे करवून घेणारा मालक चौथा. ‘हे चित्र कोणाचे?’ या एका प्रश्नात हे चार प्रश्न दडलेले असतात. दुकानदार पहिल्याचे उत्तर देतो आणि चौघांची किंमत मागतो!

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, ‘रवि वर्मांचे चित्र’ असे घाईने म्हणू नये. पुरावा असेल तर ‘रवि वर्मांच्या चित्रावरून, अमुक छापखान्यात छापलेले’ असे म्हणावे. नसेल तर ‘चित्रकार अज्ञात’ म्हणावे. घरात आजीच्या देवघरातली अशी तसबीर असेल, तर मागे एक चिठ्ठी लावून ठेवा: काय दिसले, काय कळले नाही. त्याने तसबिरीची किंमत कदाचित उतरेल. पण ज्याचे नाव कोणी लिहिले नाही, त्याच्यासाठी निदान एक ओळ मोकळी राहील.

आता प्रश्न घेऊ.