मोरीवरचा धबधबा

पौड मागे टाकून मुळशी धरणाच्या काठाकाठाने ताम्हिणीकडे निघालं, की जुलैत दर दोन-चार वळणांवर एक धबधबा भेटतो. यांना नावं नसतात. ‘कणसाच्या टपरीपुढचा’ एवढीच ओळख. आम्ही गाडी रस्ता रुंद झाला तिथे लावली आणि मागे चालत आलो. छत्री उघडण्यात अर्थ नव्हता, इथला वारा ती उलटीच करतो.

अशा धबधब्यांतले बरेचसे रस्त्यानेच घडवलेले असतात. ओढा जुना, उतारावरून दगडाधोंड्यांतून गुपचूप उतरणारा. रस्त्यासाठी डोंगर उभा कापला आणि ओढ्याच्या पायाखालचा उतारच गेला. पाणी कापलेल्या कातळावरून सरळ खाली पडू लागलं. मग त्याला पलीकडे न्यायला रस्त्याखाली मोरी आली. मोरीच्या तोंडाशी चिप्सची पाकिटं अडकली की तेच पाणी डांबरावरून वाहतं.

बाकी करामत दगडाची. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा सह्याद्री झाला. काही थरांच्या मध्ये तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा असतो. पाणी तो आधी पोखरतं आणि वरचा टणक कातळ छज्ज्यासारखा पुढे राहतो. आमच्या धबधब्यामागेही हातभर खोबण होती. आत शेवाळ, त्यावर नखाएवढी तेरड्याची रोपं आणि आमच्याकडे नांग्या उगारून बसलेला एक खेकडा.

पाण्याला इथे तोटा नाही. अरबी समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि इथेच रिते होतात. 25 जुलै 2024 रोजी ताम्हिणीत 24 तासांत 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्यात शिवाजीनगरला साधारण तेवढा पडायला अख्खा पावसाळा जातो.

घाटमाथ्याच्या अलीकडच्या ओढ्यांचं पाणी मुळशीच्या जलाशयात जातं. याच धरणाविरुद्ध 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. मुळेच्या वाटेने पुण्याकडे यायचं हे पाणी धरणामुळे उलटं फिरतं आणि डोंगराखालून कोकणात भिऱ्याला, वीज करायला जातं. धरण भरून दारं उघडली, तरच त्यातलं काही आपल्या पुलांखालून वाहतं.

आम्ही पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभे होतो. पाणी नितळ होतं, तळातले खडे दिसत होते. बघता बघता ते चहासारखं झालं, मग काटक्या आणि पानं आली. आमच्याकडे पाऊस होता तेवढाच होता.

“अवो, या भाईर!” टपरीवरच्या मावशी ओरडल्या. “वर लागलाय त्यो!”

आम्ही रस्त्यावर येऊन वळून पाहिलं, तर खोबण दिसत नव्हती. नारळाएवढा एक दगड वरून आला आणि आम्ही उभे होतो तिथे आपटून मोरीत गेला. मावशींनी कणसाला लिंबू चोळायला घेतलं.