सेंट्रिंग न लावता

फ्लोरेन्समध्ये माझा मित्र चित्रांसमोर थोडा आणि भिंतींसमोर फार थांबत होता. कोल्हापुरात तो बांधकामाची ठेकेदारी करतो. वडील गवंडी होते. परक्या शहरात माणूस आधी आपल्या हातातलं काम ओळखतो, हे त्याच्याबरोबर हिंडताना पदोपदी दिसत होतं. तिथल्या जुन्या वाड्यांना तळमजल्याचे दगड मुद्दाम ओबडधोबड ठेवलेले असतात आणि वर जावं तशी घडाई बारीक होत जाते. तो सांध्यांवरून बोट फिरवायचा, दोन पावलं मागं सरून पुन्हा बघायचा. अशा माणसाबरोबर दिवसात दोनच ठिकाणं बघून होतात. मला तेवढीच बघायला आवडतात.

मोठ्या कॅथेड्रलचा लाल घुमट पहिल्यांदा समोर आला तेव्हा त्यानं एकच विचारलं, "मर्दा, ह्याला सेंट्रिंग कशाचं केलं असंल?"

सहाशे वर्षांपूर्वी त्या गावालाही हाच प्रश्न पडला होता. १२९६ मध्ये सुरू झालेल्या या चर्चच्या भिंती उभ्या राहिल्या, वरचा अष्टकोनी कठडा बांधून झाला आणि काम अडलं. चाळीस मीटरहून जास्त रुंदीचं भगदाड झाकायचं कसं? नेहमीच्या रीतीनं खालून लाकडी साचा उभारायचा, तर एवढ्या उंचीला पुरेल असं लाकूड आणायचं कुठून आणि तोलायचं कसं? १४१८ मध्ये स्पर्धा लावली. मूळचा सोनार असलेला फिलिप्पो ब्रुनेलेस्की म्हणाला, साच्याशिवाय करतो. १४२० मध्ये काम सुरू झालं आणि १४३६ मध्ये घुमट मिटला.

वर जायला ४६३ पायऱ्या आहेत. सुरुवातीला साधा जिना, मग घुमटाच्या आतल्या कडेनं अरुंद सज्जा. तिथं डोक्यावर वसारी आणि झुकारी यांनी रंगवलेला अंतिम न्यायाचा दिवस पसरलेला आहे. माणसं माना वर करून थबकतात. मित्रही थबकला, पण त्याचं खरं लक्ष त्यापुढच्या जिन्यात लागलं. हा घुमट दुहेरी आहे: आत एक जाड कवच, बाहेर एक पातळ, आणि पायऱ्या त्या दोन्हींच्या मधून चढतात. भिंत अंगावर कलू लागते, तसं आपणही नकळत तिरके चालतो. आणि तिथं, हाताला लागेल इतक्या जवळ, उघड्या विटा दिसतात.

या विटांतच उत्तर आहे. आडवे थर चाललेत आणि ठरावीक अंतरानं एक वीट उभी लावलेली. पुढच्या थरात ती उभी वीट एक पाऊल बाजूला सरकते, त्यापुढच्या थरात आणखी एक. म्हणून उभ्या विटांची तिरपी रांग घुमटावर चढत गेलेली दिसते. नवा थर लावताना खालच्या थरातल्या उभ्या विटा वर डोकं काढून असतात. दोन उभ्या विटांच्या मध्ये आडव्या विटा घट्ट बसवल्या की माल ओला असतानाही त्या आत घसरत नाहीत. आणि थराचा पूर्ण वेढा मिळाला की तो आपला आपण उभा राहतो, त्याच्यावर पुढचा. म्हणजे घुमट बांधत असतानाच प्रत्येक टप्प्यावर पुरा असतो. मित्रानं एकेका उभ्या विटेवर बोट टेकवलं. मागं रांग खोळंबली होती. "ही पाचर हाय," एवढं बोलून तो पुढं झाला.

कॅथेड्रलच्या संग्रहालयात त्या कामावरचे जुने कप्पी-दोर आणि अवजारं मांडून ठेवली आहेत. ब्रुनेलेस्कीनं ओझं चढवायला बैलांवर चालणारा रहाट बनवला होता. त्याची करामत अशी, की ओझं खाली सोडताना बैल उलटे फिरवावे लागत नसत; दात्यांचं चक्र बदललं की बैल त्याच दिशेनं चालत राहायचे. स्लॅबच्या दिवशी लिफ्ट बंद पडली की काय गत होते हे ज्यानं सोसलंय, त्याला या युक्तीचं मोल कुणी सांगावं लागत नाही.

शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरला कोपेश्वराचा स्वर्गमंडप आहे. अठ्ठेचाळीस खांब, आणि मधोमध आभाळाला उघडं असलेलं तेरा फुटांचं वर्तुळ. तिथंही दगडाची गोल कडी स्वतःला तोलून आहे. रीत मात्र वेगळी: कमान नाही, दगडाचे थर आत आत सरकवत नेलेले. घुमटाच्या माथ्यावर उभं राहून आम्ही याच दोन रीतींबद्दल बोलत होतो, खाली आर्नो नदी दिसत असताना. खिद्रापूर अशा प्रवासात मध्येच आठवावं, यात मला काही विजोड वाटत नाही. आपलं बघितलेलं असलं की दुसऱ्याचं नीट दिसतं.

पोंते वेक्क्यो या जुन्या पुलावर आम्ही फार रेंगाळलो नाही. १५९३ मध्ये तिथल्या ड्यूकनं पुलावरचे खाटीक उठवून सोनारांना दुकानं दिली, आणि आजही तिथं सोनारच आहेत. कोल्हापूरच्या गुजरीसारखीच गर्दी.

दुसऱ्या दिवशी मात्र नदीकाठानं पश्चिमेला चालत गेलो. शहर संपता संपता काशिने नावाचं लांबच लांब उद्यान लागतं. त्याच्या पार टोकाला, जिथं मुन्योने नावाची लहानशी नदी आर्नोला मिळते, तिथं एक छत्री आहे. खांबांवर तोललेला घुमट, आणि खाली फेटा बांधलेल्या, दागिने ल्यालेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. हे करवीरचे, म्हणजे कोल्हापूरचे, दुसरे राजाराम महाराज.

१८५० चा जन्म. १८६६ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले. समुद्र ओलांडणं निषिद्ध मानलं जाण्याच्या काळात, १८७० मध्ये, त्यांनी इंग्लंडची वाट धरली. जे पाहिलं त्याची रोजनिशी ते इंग्रजीत लिहीत. सोबत असलेल्या कॅप्टन एडवर्ड वेस्टनं ती १८७२ मध्ये लंडनला छापली. परतीच्या वाटेवर तब्येत बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय वीस. तेव्हा हे शहर इटलीची राजधानी होतं. दहनाची प्रथा नसलेल्या या गावानं खास परवानगी दिली आणि हिंदू रिवाजाप्रमाणं संगमावर अग्निसंस्कार झाला. संगमच का, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. पंचगंगेचा घाट त्याच्या ओळखीचा आहे. पुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, १८७४ चा. जवळच्या मोठ्या पुलाला लोक आजही 'इंदियानो' म्हणतात. रोज हजारो मोटारी त्या नावावरून जातात, आणि तो हिंदी माणूस आमच्या गावचा होता हे फार थोड्यांना माहीत असणार, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मित्र छत्रीभोवती फिरला, मग खांबापासून घुमटापर्यंत नजर नेत राहिला. "घाट आपला हाय," तो म्हणाला. "पर रेषा कुणीतरी कागदावर पट्टी धरून मारल्यात." त्याचं बरोबर होतं. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा टाऊन हॉल याच मँटचा, त्याच सुमाराचा; आणि न्यू पॅलेसही, ज्याचं काम १८७७ ते १८८४ चाललं आणि पुरं व्हायच्या आधीच, १८८१ मध्ये, मँट वारला. टाऊन हॉलला त्यानं निमुळते गॉथिक मनोरे दिले, न्यू पॅलेसच्या काळ्या दगडात देशी घाट आणले. लहानपणापासून ज्यांच्यासमोरून सायकलनं गेलो त्या दोन इमारती, आणि आर्नोच्या काठावरची ही छत्री, एकाच हातच्या. वीस वर्षांच्या त्या राजानं डोळे उघडे ठेवून बघितलेलं गावी आणायचं राहून गेलं. त्या संगमावर मला सगळ्यात जास्त खुपलं ते हे.

परत आल्यावर मित्राकडं योगायोगानं शेतातल्या म्हसोबाची एक छोटी घुमटी बांधायचं काम आलं. एरवी असल्या घुमटीला आत वाळू भरतात, वर विटा लावतात आणि माल वाळला की वाळू उकरून काढतात. त्यानं वाळू मागवलीच नाही. गवंड्याला मोबाइलवरचे जिन्यातले फोटो दाखवले. गवंड्यानं ते मोठे करून करून पाहिले, मग मधोमध खुंटी ठोकून दोरी बांधली, म्हणजे गोलाई आणि कल दोन्ही दोरीनं तपासता येतात. पहिले थर सरळ होते, तोवर काही अडचण नव्हती. कल वाढला तशा नुसत्या आडव्या विटा ओल्या मालावरून आत सरकू लागल्या. मग त्यानं उभ्या विटा घातल्या, आणि मधल्या आडव्या विटा थापीनं ठोकून घट्ट केल्या. वेढा मिळाला. त्यानं वरून तळव्यानं दाबून बघितलं, हललं नाही.

"व्हतंय की," गवंडी म्हणाला. "पर उभ्या इटा तासून घ्याय पायजेत, बाहेरनं रुंद नि आतनं निमुळत्या. आणि माल एवढा पातळ चालायचा न्हाई." मग त्यानं पोऱ्याला हाक मारली आणि नवा माल कालवायला सांगितला.